अंगठा उठवण्याआधी

(भामरागड येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आतल्या एका गावात एक माडिया बाई भेटली. तिची ९ वर्षांची मुलगी पायानं अधू. शाळेत का जात नाही, असं विचारलं, तर म्हणाली, "सरांनी घरीच ठेवायला सांगितलं." शाळेच्या फायलीत मात्र लिहिलं होतं, 'पालकांनी गृहाधारित शिक्षण निवडले आहे.' खाली तिचाच अंगठा! बैठक मराठीत झाली होती. शिष्यवृत्तीचा कागद असेल, असं तिला वाटलं. मुलगी घरी होती, पण शिकत नव्हती. धाकट्या भावाला सांभाळत होती.

अशा वेळी आपण आईला अडाणी म्हणतो. पण तिला न कळणाऱ्या भाषेत बैठक घेणाऱ्यांना काय म्हणायचं?

२०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. घरी शिकण्याची मुभा बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना आहे. तीही निवड म्हणून, सक्ती म्हणून नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हेही त्यांनीच ठरवायचं.

बायकांची दोन कागदांत गल्लत होते. दाखला डॉक्टर देतात. त्यावर टक्के असतात. पोर काय शिकू शकेल, हे तो दाखला सांगत नाही. ते शाळेच्या बैठकीत, वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ठरतं. त्या बैठकीत आईनं नुसतं बसून राहायचं नाही. पोर काय खातं, कशाला घाबरतं, कोणती खूण करतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून चार गोष्टी मागा. कागद आपल्या भाषेत वाचून दाखवा. मुलीला काय, कोण, केव्हापासून शिकवणार, ते लिहा. पुन्हा कधी बसायचं, ती तारीख घाला. आणि एक प्रत आमच्या हातात द्या. समजलं नाही तर "आज अंगठा देत नाही" म्हणायला घाबरू नका. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत; तिथेही हा विषय काढा.

त्या बाईसोबत आम्ही दोघी पुन्हा शाळेत गेलो. गावातल्या एका शिकलेल्या मुलीनं सारं माडियात सांगितलं. बाई आधी गप्प होती. मग म्हणाली, "तिला संडासला जाता येत नाही, म्हणून ती शाळेला भिते." इतकी बैठक झाली, पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं! नव्या कागदावर पहिली ओळ तीच लिहिली गेली: संडासाला उतार आणि धरायला दांडी.

कार्यकर्त्यांनो, आईच्या वतीनं बोलू नका. तिच्या शेजारी बसा. तिच्या पोरीचं काय करायचं, ते तिला बोलू द्या.