९० मिलिलीटर, पण तीन वेळा

सेपरेटिंग फनेल कसे धरायचे, तोटी वर करून आतली वाफ कशी सोडायची, हे बी.एस्सी.च्या मुलामुलींना मी आज सांगत बसणार नाही. माझे सांगणे एकच आहे. जर्नलमध्ये ‘३० मिलिलीटर, तीन वेळा’ असे असते आणि तुम्ही घाईघाईने सगळे ९० एकदम ओतून मोकळे होता. द्रावक तेवढेच, मग बिघडले काय? बरेच बिघडते.

घरी लोणी कसे धुतात? घागरभर पाणी एकदम कोणी ओतत नाही. तांब्याभर घालतात, लोणी फिरवतात, पाणी टाकतात, पुन्हा तांब्याभर घेतात. पहिले पाणी पांढरे, दुसरे गढूळ, तिसरे जवळजवळ नितळ. दरवेळी पाणी कोरे, म्हणून ताक जास्त निघते.

आता आकडे बघा. ९० मिलिलीटर पाण्यात एक ग्रॅम पदार्थ आहे, आणि द्रावकात त्याची संहती पाण्यातल्या संहतीच्या तिप्पट होते असे धरू. ९० मिलिलीटर द्रावक एकदम घातले, तर पाण्यात २५० मिलिग्रॅम मागे राहतो. तीस-तीसने तीनदा घातले, तर आधी ५००, मग २५०, शेवटी १२५. द्रावक तेवढेच, नुकसान निम्मे! पुन्हा सांगतो, द्रावक तेवढेच.

डायक्लोरोमिथेन हे द्रावक जड, खाली बसते. तोटीतून काढले की पाणी फनेलमध्येच राहते. ईथर मात्र वर तरंगते. दरवेळी खालचे पाणी काढा, ईथर वरच्या तोंडाने ओतून घ्या, पाणी परत फनेलमध्ये घाला. कंटाळा येतो तो इथे, आणि चोरीही इथेच होते. ती करू नका, बाळांनो.

आणि दणादण हलवूही नका. उकाड्यात लोणी जोराने घुसळले तर ते पाण्यातच विरते, हाती लागत नाही. चहातून कॅफिन काढताना तसेच होते, मधोमध फेसाळ थर अडून बसतो. फनेल हलकेच कलते करत राहा. तरीही थर सुटले नाहीत, तर मिठाचे संपृक्त द्रावण घाला. मिठाने ते का सुटतात, हे खरे तर... पण वेळ संपत आली आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलला एवढे करा. तिसऱ्या वेळचे द्रावक वेगळ्या बीकरमध्ये घ्या, सुकवून गाळा, फ्यूम हूडमध्ये उडू द्या, आणि तळाशी उरेल त्याचे वजन करून जर्नलमध्ये लिहा.