लिव्हरचा कॅन्सर केमोला दाद का देत नाही?

मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयाबाहेर फुटपाथवर फायली छातीशी धरून बसलेल्या नातेवाइकांत एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना केमोनं गुण आला, मग बाबांच्या लिव्हरच्या कॅन्सरला केमो का लागू पडत नाही? कुणी डॉक्टरांना बोल लावतं, कुणी बाबांच्या पथ्याला.

कारण आहे लिव्हरच्या कामातच. रक्तात आलेल्या विषाची, औषधांची विल्हेवाट लावणं हा या अवयवाचा रोजचा उद्योग. त्याच्या पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन असतं. एबीसीबी-१ हे सातव्या गुणसूत्रावरचं जनुक ते घडवतं. पावसात मुंबईतल्या हिंदमाताला तुंबलेलं पाणी उपसायला पंप लावतात ना, तसं हे प्रथिन पेशीत शिरलेलं औषध उपसून पित्तात टाकतं. निरोगी माणसाला ते हवंच. पण त्याच पेशी बिघडल्या की पंप कॅन्सरला आयता मिळतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे केमोतलं ते लालभडक औषध, आत जातं आणि बरंचसं बाहेर फेकलं जातं.

हे प्रथिन सापडलं १९७६ मध्ये, टोरांटोत. ज्युलियानो आणि लिंग या संशोधकांनी कोल्चिसिन या औषधाला सरावलेल्या हॅमस्टरच्या पेशी घेतल्या होत्या. त्या पेशी इतर औषधांनाही जुमानत नव्हत्या. पुढं रक्तदाबावरचं व्हेरापामिल देऊन पंप अडवून पाहिला. प्रयोगशाळेत जमलं, माणसाला तेवढा डोस हृदयाला झेपेना.

बिघडलं की केमोच्या आड येणारं दुसरं जनुक टीपी-५३. केमोनं घायाळ झालेल्या पेशीला मरायला लावणारं प्रथिन ते घडवतं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नेमकं याच जनुकात बिघाड करतं. खवट, बुरसट शेंगदाणे ‘चालतंय’ म्हणत कुटात घालणाऱ्यांनी एवढं ऐकावं!

मग लिव्हरच्या कॅन्सरसाठी आलं सोराफेनिब, २००७ मध्ये. ही केमो नव्हे. गाठीचा रक्तपुरवठा आणि वाढीचे संदेश अडवणारी गोळी. आयुष्य वाढलं ते सरासरी तीनेक महिने, आणि खर्च होता महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये. मार्च २०१२ मध्ये आपल्या मुंबईतल्याच पेटंट कार्यालयानं नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवायची मुभा, दिला आणि महिन्याचा खर्च ८,८०० वर आला. पेटंट असलेली बायर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात भांडली. २०१४ मध्ये तिथंही परवाना टिकला. मला हा निकाल औषधाइतकाच मोलाचा वाटतो. पण कॅन्सर याही गोळीला कालांतरानं सरावतो, वाढीची दुसरी वाट काढतो.

आता एक कामाची गोष्ट. आतड्यातून लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर हा लिव्हरचा कॅन्सर नव्हे. त्याच्या पेशी आतड्याच्याच असतात, आणि तिथं केमोचा उपयोग बऱ्याचदा होतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना आधी विचारा, गाठ मुळात कुठली आहे?