आधी पडताळणी, मग आज्ञा

मोठ्या संगणकीय सेवेचे भाग अनेक यंत्रांवर ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालविले जातात. अशा समूहाचा कारभार पाहणारी ‘कुबरनेटिस’ ही व्यवस्था गूगलने २०१४ मध्ये जाहीर केली. तिला आज्ञा देण्याचे साधन म्हणजे ‘क्यूबसीटीएल’.

ते बसविणे थोड्या वेळाचे काम. परंतु तीन पडताळण्या अटळ आहेत.

पहिली आवृत्तीची. समूह १.३० चा असल्यास साधन १.२९ ते १.३१ यांपैकीच असावे.

दुसरी उतरवून घेतलेल्या फाइलीची. तिचा ‘शा-२५६’ संकेतांक प्रसिद्ध संकेतांकाशी तंतोतंत जुळावा. न जुळल्यास फाइल टाकून द्यावी.

तिसरी ‘कॉन्फिग’ फाइलीची. तीत समूहाचा पत्ता व प्रवेशाची ओळखपत्रे असतात. म्हणून तिजोरीच्या किल्लीप्रमाणे ती जपावी. इतरांना वाचता येऊ देऊ नये. तीत चाचणीचा व प्रत्यक्ष सेवेचा असे दोन समूह नोंदलेले असल्यास, ‘करंट-कॉन्टेक्स्ट’ विचारून आज्ञा कोठे जाणार हे आधी पाहावे. अन्यथा चाचणीसाठी दिलेली पुसण्याची आज्ञा चालू सेवेवर जाते, आणि दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस रिकाम्या हातांनी परततो.