बंद पडलेला संगणक

भिंतीवरचे घड्याळ थांबले, तर पूर्वीच्या घरांत वडीलधारी माणसे प्रथम त्याला किल्ली देऊन पाहात. घड्याळ टाकून देण्याचा विचार त्यांच्या मनाला सहसा शिवत नसे. संगणकाच्या बाबतीत ही सबुरी दिसत नाही. बटण दाबूनही दिवा लागला नाही, की यंत्राचे आयुष्य संपले असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात.

एखाद्या लहान वाचनालयाचे उदाहरण घ्यावे. पुस्तकांची आणि सभासदांची सारी नोंद पंधरा वर्षांच्या जुन्या संगणकात आहे. एके सकाळी तो सुरू होत नाही. पंखादेखील हलत नाही. ‘हा गेला, आता नवा घ्या,’ असे दुकानदार सांगतो. लेखनिकाला मात्र नव्या यंत्राच्या किमतीपेक्षा त्या नोंदींची चिंता अधिक वाटते. ती चिंता रास्त आहे. परंतु निकाल घाईचा आहे.

संगणकाच्या कॅबिनेटमध्ये, बहुधा मागच्या कोपऱ्यात, पत्र्याची एक पेटी असते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतील २३० व्होल्टची वीज घेऊन ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर पुरवठा करते. तिच्यातील कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे पुष्कळदा थकते ती ही पेटी. नोंदी असतात त्या हार्ड डिस्कवर, आणि ती बहुधा सुखरूप असते.

परीक्षा अवघड नाही. भिंतीवरचा सॉकेट आणि वायर आधी तपासावी. मग वीज काढून, मदरबोर्डाला आणि इतर भागांना गेलेले पेटीचे सारे जोड सोडवावेत. मुख्य जोडातील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी पेपर क्लिपने जोडावी, आणि त्यानंतरच वीज द्यावी. पंखा फिरला, तर पेटीत धुगधुगी आहे. पण तेवढ्याने ती निरोगी ठरत नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेला ११.४ ते १२.६ आणि लाल तारेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. काही जुन्या पेट्या भाराशिवाय चालत नाहीत. त्यांना एखादी निरुपयोगी डिस्क जोडून पाहावे. पेटी उघडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. वीज काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

पेटी बदलणे शक्य होते, याचे श्रेय एका सामाईक मापाला आहे. इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. पेटीचा आकार, स्क्रूंची जागा, तारांचे रंग आणि जोड त्यात ठरले. म्हणून एका कारखान्याची पेटी दुसऱ्याच्या यंत्रात बसते. जुना मदरबोर्ड २० पिनांचा असेल, तर नव्या पेटीच्या २४ पिनांतील ४ बहुधा वेगळ्या करता येतात. काही कंपन्यांनी मात्र जोड तोच ठेवून तारांचा क्रम बदलला होता. अशा यंत्रात साधी पेटी बसवली, तर मदरबोर्ड जळू शकतो. तेव्हा खरेदीपूर्वी खात्री करावी. नव्या पेटीची वॅटक्षमता जुनीपेक्षा कमी नसावी. मागे ११५ आणि २३० असा खटका असल्यास तो २३० वरच हवा.

यानंतरचे काम चार स्क्रूंचे आहे. मुख्य जोड, प्रोसेसरजवळचा चार पिनांचा जोड आणि डिस्कच्या तारा, एवढे घट्ट बसले की बटण दाबावे. पडदा उजळला, तर लेखनिकाने आनंद मानावा. परंतु त्याच दिवशी सर्व नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. बिघडलेली पेटी कधी कधी जाताना डिस्कलाही इजा करते. या वेळी ती चुकली, एवढेच.

निकामी पेटीही भंगारात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तिची जागा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रात आहे.

बंद पडलेले यंत्र आणि संपलेले यंत्र यांत अंतर असते. ते मोजण्याआधी वाचनालयाने नव्या यंत्राचे पैसे मोजू नयेत.