दर गाण्यामागे, दर कानामागे

आपल्या घरच्या रेडिओवर गाणे एकाने ऐकले काय नि लाखांनी ऐकले काय, प्रक्षेपणाचा खर्च तोच. इंटरनेटवरील रेडिओचे तसे नाही. अमेरिकेत २००७ साली कॉपीराइट रॉयल्टी बोर्डाने दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे फी ठरवली : २००६ सालासाठी ०.०८ सेंट, ती चढत २०१० साठी ०.१९. तासाला १५ गाणी, १००० श्रोते. गुरुजींनी हे गणित मुलांना घालावे. १२ डॉलरचे साडेअठ्ठावीस होतात! श्रोते वाढले की केंद्र बुडायचे. २६ जून २००७ रोजी अनेक केंद्रांनी निषेधाचे मौन पाळले. २००९ साली तडजोड झाली. लहानांना मिळकतीच्या हिशेबाने देण्याची सोय मिळाली. गायकाला मोबदला हवाच. पण खंड इतका नसावा, की कसणाराच गाव सोडील.