ओळखीची अक्षरे, अनोळखी उच्चार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर स्पॅनिश मुळाक्षरांचा विषय निघावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आपली काही मुले आज परकीय भाषा म्हणून स्पॅनिश घेतात आणि ती बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकतात. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ या अक्षरांपाशी कोठे अडखळते, हे पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते.

स्पॅनिश मुळाक्षरे २७. त्यांतील २६ इंग्रजीचीच. ‘एन्ये’ हे तेवढे जादा. इंग्रजी भाषकाची खरी अडचण ही ओळखच होय. लिपी सर्वस्वी नवी असती, तर त्याने प्रत्येक ध्वनी विचारून घेतला असता. येथे अक्षर परिचयाचे दिसते. म्हणून तो न विचारता पुढे जातो आणि फसतो.

प्रथम स्वर पाहू. आ, ए, ई, ओ, ऊ असे पाचच स्वर, आणि प्रत्येकाचा ध्वनी ठरलेला. इंग्रजीत मात्र ‘कॅट’, ‘केक’ आणि ‘कार’ या तिन्ही शब्दांत स्वराचे अक्षर एकच आणि उच्चार तीन! शिवाय इंग्रजी ‘ओ’ शेवटी ‘उ’कडे घसरतो, म्हणून स्पॅनिश ‘नो’चा ‘नोउ’ होतो.

व्यंजनांत प, त आणि क यांची गंमत मोठी आहे. इंग्रजी शब्दाच्या आरंभी हे ध्वनी फुंकरीसह येतात. स्पॅनिशमध्ये ती फुंकर नाही. प आणि फ यांत भेद करणाऱ्या मराठी माणसास हे सांगावे लागत नाही. तसाच त. स्पॅनिश त दातांना जीभ लावून उच्चारतात, अगदी आपल्यासारखा. परंतु इंग्रजीच्या वाटेने गेलेले आपले मूल ‘तोमाते’स ‘टोमाटे’ म्हणते. घरचा त दाराशी उभा असताना ते परक्याचा ट उसना आणते!

‘एच’ हे अक्षर मूक असल्याने ‘होला’ नव्हे, ‘ओला’ म्हणावयाचे. ‘जे’चा उच्चार स्पेनमध्ये उर्दू ‘ख़बर’मधील ख़सारखा घशातून येतो; लॅटिन अमेरिकेच्या अनेक भागांत तो सौम्य ह होतो. ‘बी’ आणि ‘व्ही’ यांचा ध्वनी एकच. ‘पेरो’ शब्दात र एकदाच टेकवला तर ‘परंतु’, जीभ थरथरवून लांबवला तर ‘कुत्रा’. आणि ‘मोनो’ म्हणजे माकड, तर एन्ये घालून ‘मोन्यो’ म्हटले की अंबाडा! घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांविषयी बोलताना हा भेद सांभाळलेला बरा.

हे एन्ये मूळचे जोड ‘एन’. मध्ययुगीन लेखनिकांनी दुसरा एन रेघेच्या रूपाने पहिल्याच्या माथ्यावर चढविला. या अक्षरावाचूनचे संगणक विकू द्यावेत, असा आग्रह युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये धरला, तेव्हा स्पेनमध्ये मोठा विरोध झाला. १९९३ मध्ये तेथील सरकारने हुकूम काढून एन्येला संरक्षण दिले. एका अक्षरासाठी एवढा अट्टहास का? कारण अक्षर गेले की त्यामागील ध्वनीही लोक विसरू लागतात.

येथे आम्हांस आपला ळ आठवतो. बदल्यांच्या नोकरीत गावे, शाळा, शेजार बदलतात. मुले घरची पत्रे आणि निरोप रोमन अक्षरांत लिहू लागतात. त्या लिपीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ एकच दिसतात. देवनागरीही सारे सांगत नाही. ‘चार चाके’ या दोन शब्दांतील च निरनिराळे, पण अक्षर एकच. हा भेद कोणत्याही पुस्तकापेक्षा आजी-आजोबांच्या आणि आईबापांच्या तोंडून मुलास लवकर मिळतो.

मुलांनी स्पॅनिश अवश्य शिकावी, आणि ती तिच्याच ध्वनींनी शिकावी. त्यासाठी लागणारी पुष्कळशी सामग्री त्यांच्या मराठी जिभेत आहे. मात्र ती जीभ घरी रोज वापरात राहिली पाहिजे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आठवड्यातून एक तास मुलांना मोठ्याने मराठी वाचावयास लावण्याचा उपक्रम चालावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.