दाम मोजले म्हणून मालकी येत नाही



गिऱ्हाइकाने दुकानाची पायरी न चढता माल आपल्या घरात ठेवून पाहावा, ही गोष्ट एके काळी अशक्य वाटली असती. आज एखादा फर्निचरचा व्यापारी आपल्या माहितीपत्रकावर क्यूआर कोड छापतो. गिऱ्हाईक तो मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपते आणि सागवानी कपाट त्याच्याच खोलीत, खऱ्या मापाने उभे राहिलेले पडद्यावर दिसते. यालाच संवर्धित वास्तव किंवा ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. ते ब्राउझरमध्येच उघडते, वेगळे ॲप घ्यावे लागत नाही, हे त्याच्या वेब-स्वरूपाचे वैशिष्ट्य होय.

हे काम मोठ्या कंपनीलाच द्यावे असे नाही. तीन-चार जणांची छोटी एजन्सी पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. कारण जो कारागीर प्रतिकृती घडवितो, त्याच्याशीच व्यापाऱ्याचे थेट बोलणे होते. मात्र एजन्सीच्या कार्यालयातील महागड्या फोनवरचे प्रात्यक्षिक पाहून निर्णय घेऊ नये. तिचे पूर्वीचे काम घरातल्या जुन्या फोनवर, साध्या नेटवर्कवर उघडून पाहावे. अँड्रॉइडच्या सीन व्ह्यूअरला जीएलबी प्रकारची फाइल लागते, तर आयफोनच्या क्विक लुकला यूएसडीझेड. दोन्ही मिळणार का, हे आरंभीच विचारावे.

खरा प्रश्न याहून खोल आहे. असे काम पुष्कळदा तिसऱ्याच कोणाच्या व्यासपीठावर उभे असते. मेटा कंपनीने फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी बाहेरच्या निर्मात्यांनी ‘मेटा स्पार्क’वर घडविलेले इफेक्ट १४ जानेवारी २०२५ रोजी बंद केले. वेब-एआरच्या क्षेत्रात नावाजलेले ‘एट्थ वॉल’ हे व्यासपीठ २०२२ मध्ये नायँटिक कंपनीने विकत घेतले. २०२५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद होणार असल्याचे जाहीर झाले. अशा वेळी मूळ फाइली ज्याच्या हाती आहेत, त्याला दुसरीकडे संसार थाटता येतो. ज्याच्या हाती केवळ एक दुवा आहे, त्याची सारी गुंतवणूक वाया जाते.

त्यातच कायद्याची एक बाजू अनेकांच्या ध्यानात येत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या एजन्सीने लिहिलेल्या प्रोग्रामचा प्रथम स्वामी साधारणतः ती एजन्सीच असते. पैसे देणारा नव्हे. हक्क मिळवायचे तर ते लेखी आणि स्वाक्षरीसह हस्तांतरित व्हावे लागतात. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरताच मर्यादित राहतो. निर्यात करणाऱ्याने हे विशेष जपावे.

म्हणून करारात चार गोष्टी असाव्यात. डोमेन व्यापाऱ्याच्या नावावर असावे. प्रत्येक हप्त्यासोबत मूळ फाइली व प्रोग्राम हाती यावेत. हक्कांचे हस्तांतरण मुदत व प्रदेशासह स्पष्ट लिहावे. आणि पुढील देखभाल कोण, किती दराने करणार, हे आधीच ठरावे. एजन्सीतील दोन माणसे उद्या दुसरीकडे गेली, तरी काम अडून राहू नये.

आधी लिहावे, मग द्यावे, ही पेढीवरची जुनी शिस्त. माल डोळ्यांना दिसतो पण हाताला लागत नाही, अशा या व्यवहारात तिची गरज उलट वाढली आहे. एवढे भान राहिले, तरी या विवेचनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.